तळाला राहणारे मासे

कवळीवाल्या ताईंना राग यायला कारण लागत नाही, असं त्यांच्या इमारतीत सगळे म्हणतात. हे साफ खोटं आहे. कारण लागतं, आणि ते दर वेळी असतं. जिन्यात कोणी केर लोटून ठेवतं, कोणी पाण्याचा पंप सुरू करून खुशाल झोपतं, आणि कोणी ताईंच्या बाहेरच्या खोलीत येऊन माशांच्या टाकीवर टकटक करत विचारतं, "हे खालचे काय, सफाईवाले ना?" हा शेवटचा प्रश्न ऐकून ताईंनी एकदा पाहुण्याच्या हातातला चहाचा कप परत घेतला होता. त्याने अजून एक घोटसुद्धा घेतला नव्हता.

कवळीवाल्या म्हणजे त्या कवळ्या करतात. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्याचा प्लॅस्टरचा साचा येतो. ताई त्यावर मेण चढवतात, मेणात एकेक दात बसवतात, मग मेणाच्या जागी गुलाबी हिरडी भरतात आणि घासून घासून तिला चकाकी आणतात. दोनचारच दात गेलेले असतील, तर अर्धी कवळी तोंडात धरून ठेवायला तारेचे बारीक आकडे वळवतात. सदतीस वर्षं झाली. शहरातली निम्मी म्हातारी माणसं ताईंच्या दातांनी हसतात, पण त्यातल्या एकाचंही उघडं तोंड ताईंनी पाहिलेलं नाही. दिवसा त्या प्रयोगशाळेत काम करतात आणि संध्याकाळी घरी, झोपायच्या खोलीत खिडकीजवळच्या टेबलावर.

ताईंचं लग्न राहून गेलं, असंही लोक म्हणतात. छत्री बसमध्ये राहून जावी तसं. राहून काही गेलं नव्हतं. आई गेली तेव्हा ताई सोळा वर्षांच्या होत्या आणि धाकटा भाऊ चार वर्षांचा. वडील रात्रपाळीचे पहारेकरी. भावाला न्हाऊमाखू घालणं, शाळेत सोडणं, त्याच्या तापात उशाशी बसणं हे सगळं ताईंनी केलं. पुढे दोन ठिकाणांहून विचारणा झाली, तेव्हा "याची शाळा संपू दे" आणि "याचं कॉलेज संपू दे" असं ताईंनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. जेवायला तिघं बसायचे तेव्हा पातेलं खरडून जे निघेल ते ताईंचं, हे कोणी ठरवलं नव्हतं. ते तसंच चालत आलं, आणि कोणाला काही वाटलं नाही. आज ते आठवलं की ताईंची कानशिलं तापतात.

मासे आले ते आठ वर्षांपूर्वी. ज्या डॉक्टरांचं काम ताई करतात त्यांच्या दवाखान्यात, रुग्णांची भीती जावी म्हणून, पाच फुटी टाकी ठेवली होती. डॉक्टरांची हौस सहा महिन्यांत फिटली. वरचे रंगीत मासे एकेक करून मेले आणि तळाला सहा कॅटफिश तेवढे उरले. ताई कवळ्या पोचवायला गेल्या तेव्हा कंपाउंडर कोणाला तरी समजावत होता, "त्यांना काही घालावं लागत नाही हो. वरच्यांचं उरलंसुरलं खातात." वरचे मरून तीन आठवडे झाले होते! ताईंनी कंपाउंडरला जे काही सुनावलं ते बाहेर बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं, आणि त्यातला एक जण दात न दाखवताच घरी गेला. सहाही मासे झाकणाच्या डब्यातून ताईंच्या घरी आले.

कॅटफिश म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काहीतरी अगडबंब येतं. हे बोटाच्या दोन पेरांएवढे. अंगावर पितळेसारखे खवल्यांचे पत्रे, तोंडाशी मिशा, आणि त्या मिशांनी ते दिवसभर जमीन हुंगत फिरतात. मध्येच एखादा सुसाट वर जातो, हवेचा एक घोट घेतो आणि परत खाली येऊन काही घडलंच नाही असा चेहरा करतो. ताई या एकाच गोष्टीला मनापासून हसतात.

सुरुवातीला ताईंनीही चूक केली. दुकानातून आणलेली टोकदार खडी तळाला पसरली, आणि दोन महिन्यांत माशांच्या मिशा झिजून खुंट झाले. मिशा गेल्या की या माशाला अन्न सापडत नाही. ताईंनी स्वतःला भरपूर शिव्या घातल्या, सगळी खडी उपसली आणि बारीक वाळू पिठाच्या चाळणीने चाळून, सात वेळा धुऊन टाकीत घातली. मिशा पुन्हा आल्या, एकाची मात्र डावी मिशी अर्धीच राहिली. ही जात घोळक्यात नसली की झुरते, म्हणून ताईंनी आणखी दोन आणून आठ केले. वरच्या पाण्यात सोळा निऑन सोडले. ते इवलेसे, निळ्यालाल पट्ट्याचे, आपल्यात दंग राहणारे मासे. कोणाबरोबर कोण ठेवायचं याबद्दल पुस्तकांत पानंच्या पानं असतात. ताईंनी त्यातून एक गोष्ट पक्की धरली होती: ज्याच्या तोंडात दुसरा मावतो, त्याला त्याच्या शेजारी ठेवायचं नाही.

आणि उरलंसुरलं तर मुळीच नाही. वरचे मासे खाली काही उरूच देत नाहीत. म्हणून ताई सकाळी टाकीचा दिवा लावायच्या आधी, निऑन सुस्तावलेले असताना, तळाच्या माशांसाठी बुडणाऱ्या गोळ्या टाकायच्या. आधी यांचं खाणं, मग ताईंचा चहा. इतकी वर्षं यात खंड पडला नव्हता.

मग भाऊ आला.

चव्वेचाळीस वर्षांचा घोडा, पण ताईंच्या तोंडी अजून बाळ्याच. एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात सुपरवायझर, हातपाय धडधाकट, जीभ मधात बुडवलेली. एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात बादली घेऊन तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, तिने मला घराबाहेर काढलं गं. चार दिवस राहू दे." ताईंनी आव पाहिला ना ताव, भावजयीला फोन लावला आणि तिची बिनपाण्याने केली. भावजय एवढंच म्हणाली, "ठेवून घ्या त्यांना, ताई. मग बोलू." हे ऐकून तर ताई आणखीच भडकल्या होत्या.

बादलीत ऑस्कर जातीचा मासा होता. काळा, अंगावर नारिंगी शिंतोडे, तळहाताएवढा आणि अजून वाढणारा.

"वाघ आहे वाघ!" भाऊ म्हणाला. "तुझ्या टाकीत सोडू?"

"हात लावून बघ टाकीला," ताई म्हणाल्या. "अर्ध्या तासात सगळे फस्त करेल तो."

"बरं बाई. रविवारी याच्यासाठी वेगळी टाकी आणतो."

तो रविवार काही उजाडला नाही. ताईंनी कपडे भिजवायचा मोठा टब न्हाणीघरात मांडला, जादा पडलेला फिल्टर त्यात लावला, आणि वाघाचं पाणी रोज बदलायचं काम अर्थातच ताईंकडे आलं. चार दिवसांचे पाच महिने झाले. भावाची पाठ दुखते म्हणून झोपायची खोली त्याला मिळाली. त्या खोलीत प्लॅस्टरचा वास येतो म्हणून ताईंचं टेबल बाहेरच्या खोलीत दाराजवळच्या कोपऱ्यात गेलं, आणि ताई स्वयंपाकाच्या ओट्यावर, शेगडीच्या शेजारी, मेणात दात बसवू लागल्या. ओट्यावर उजेड धड पडत नाही. मागच्या महिन्यात एक कवळी परत आली. वरचे दात खालच्यांवर बसत नव्हते. सदतीस वर्षांत ताईंचं काम पहिल्यांदा परत आलं होतं. डॉक्टर "होतं कधीकधी" एवढंच म्हणाले, आणि ते ताईंना शिवीपेक्षा जास्त लागलं. घरी येऊन त्या भावाला बोलणारच होत्या. पण तो म्हणाला, "ताई, तुझ्या हातच्या जेवणाची सर कशालाच नाही गं," आणि ताईंनी पातेलं त्याच्यापुढे सरकवलं. याचा राग त्यांना दुसऱ्या दिवशी, कामावर, भर दुपारी आला. तिथे कोणावर काढायचा? प्लॅस्टरवर काढला. दोन साचे फुटले.

ज्या शनिवारची ही गोष्ट, त्या दिवशी अर्धी सुट्टी होती. दुपारी दोनच्या सुमारास ताईंनी दार उघडलं. भाऊ टाकीसमोर खुर्ची टाकून बसला होता, मांडीवर ताट.

"ये ये! बघ काय शोभतोय! उगाच टबात कोंबून ठेवला होतास त्याला. मला आंघोळीला उभं राहायला जागा नाही, आणि इथे ही एवढी टाकी रिकामी. तुझे तर सगळे खालीच बसलेले असतात."

टाकीत वाघ होता. सोळा निऑन नव्हते. ताईंनी काचेला नाक लावून शोधलं, तेव्हा फिल्टरच्या मागे चौघे एकमेकांना चिकटून थरथरताना दिसले. वाळूवर एकही कॅटफिश नव्हता, सगळे लाकडाच्या ओंडक्याखाली घुसले होते. आणि वाघ कोपऱ्यात तिरका लटकत होता. त्याचा जबडा उघडा होता, मिटत नव्हता. त्यातून एक पितळी शेपटी बाहेर आली होती.

"खेळतोय तो," भाऊ म्हणाला.

"खेळत नाहीये, गाढवा! अडकलाय!"

हे ताईंना माहीत होतं, फक्त कधी पाहावं लागेल असं वाटलं नव्हतं. या लहान कॅटफिशच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंच्या परांत एकेक कडक काटा असतो. कोणी धरलं की तो काटे ताठ करतो आणि तसेच अडकवून ठेवतो. गिळणाऱ्याला मग ना गिळता येतं ना थुंकता. आतला गुदमरतो आणि बाहेरचाही. थोड्या वेळात दोघंही जातात.

"अरे देवा! मग आता? ताई, काहीतरी कर ना! वाघ मरेल गं माझा!"

ताईंनी ओट्यावरचं सगळं एका हाताने बाजूला लोटलं. टॉवेल टाकीच्या पाण्यात भिजवला, वाघाला जाळ्यात धरून त्यात गुंडाळला आणि तोंड तेवढं बाहेर ठेवलं. कामाचा जाड भिंगाचा चष्मा लावला. तारेचे आकडे कापायची बारीक पकड घेतली. भावाच्या हातात बॅटरी दिली.

"इथे धर. तोंडात उजेड पाड."

"मला नाही बघवत."

"तुला कधी काय बघवलंय? धर!"

सदतीस वर्षं प्लॅस्टरच्या जबड्यांत हात घातलेल्या ताई पहिल्यांदा जिवंत तोंडात बघत होत्या. उजवा काटा गालाच्या आतून पार बाहेर आला होता. डावा कल्ल्याजवळ रुतला होता. वाघ धडपडत होता, बॅटरी हलत होती. "हलवू नकोस!" ताई ओरडल्या, आणि त्यांचा स्वतःचा हात मात्र दगडासारखा स्थिर होता. पकडीचं टोक आत गेलं. कट्ट. उजवा काटा तुटला. श्वास रोखून, तिरकं करून, कट्ट. डावा. मग पाठीवरचा. ताईंनी वाकडा चिमटा घेतला, शेपटीमागचं अंग धरलं आणि सावकाश, मागे, पुढे, पुन्हा मागे करत मासा बाहेर काढला.

तो मेलेला होता. डोळा स्वच्छ होता, अंग ओलं, चकचकीत होतं, पण कल्ले हलत नव्हते. ताईंनी त्याला वाटीभर पाण्यात धरून बोटाने पुढेमागे केलं. बराच वेळ केलं. काही झालं नाही. डावी मिशी अर्धी होती.

तेवढ्या वेळात भावाने टॉवेलसकट वाघाला न्हाणीघरात नेऊन टबात सोडलं होतं. तो आधी कुशीवर पडून राहिला, मग कल्ले उघडले, मिटले, आणि हळूहळू सरळ झाला.

"वाचला!" भाऊ आतून ओरडला. "ताई, वाचला गं माझा वाघ! काय हात आहे तुझा! थांब, फोटो काढतो."

तो बाहेर आला, मोबाइल घेतला, पुन्हा आत गेला. ओट्यापाशी, ताईंच्या शेजारून दोनदा गेला. ताईंच्या तळहातावर काय आहे याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

ताईंना वाटलं आपण आता किंचाळणार. पण आवाज आला तो अगदी हळू.

"किती होते?"

"काय किती?"

"टाकीत. खाली. किती होते हे?"

भावाने आठवल्यासारखं केलं. "पाच... सहा असतील ना?"

"आठ. पाच महिने त्यांच्यासमोर खुर्ची टाकून जेवतोयस तू. आठ होते."

"अगं ताई, एवढं काय त्यात? ते काय, तळाला पडलेलं उरलंसुरलं खाणारे. मी आणतो की उद्या दोन."

त्यानंतर ताईंचा आवाज हळू राहिला नाही. खालच्या मजल्यावरच्या लोकांनी रेडिओ बंद केला म्हणतात.

"उरलंसुरलं? त्यांना मी रोज सकाळी माझ्या आधी खायला घालते, हे तुला ठाऊक नाही, कारण तू नऊपर्यंत घोरत असतोस! माझ्या खाटेवर! तुझी मोलकरीण नाही मी! सदतीस वर्षांत माझं काम कधी परत आलं नव्हतं, ते आलं. का आलं विचारलंस? परत आलं हे तरी माहीत आहे का तुला?"

रागात ताईंची वाक्यं एकमेकांवर आदळत होती.

"एका माशासाठी सख्ख्या भावाला एवढं बोलतेस?" भावाचे डोळे भरून आले. ते लहानपणापासून हवे तेव्हा भरून यायचे. "त्या वाघाने गिळला, मी थोडाच गिळला?"

"त्या वाघावर माझा काडीचा राग नाही. तोंडात मावलं ते त्याने गिळलं, त्याची जातच ती. त्याला टाकीत कोणी सोडलं? तू. आणि तुला या घरात कोणी सोडलं? मी! चार वर्षांचा होतास तेव्हापासून आधी तुझं ताट वाढत आले, आणि वर त्याचा मला मोठेपणा वाटायचा. तुझ्यापेक्षा मला माझा राग आलाय. बॅग भर."

"काय?"

"बॅग भर. अंधार पडायच्या आत नीघ."

"तिनेही काढलं, आता तूही काढ. जाऊ कुठे मी?"

"नोकरी आहे, पाय आहेत, जीभ तर आहेच. शोध. आणि तिला मी नाही नाही ते बोलले तेव्हा. तिची माफी मी मागेन. तुझं तू बघ."

भावाने बॅग भरायला दीड तास लावला. कपाटं आपटली, सुस्कारे सोडले, पाठ धरली. ताई ओट्यापाशी उभ्या राहून कवळी घासत होत्या. नुसत्याच घासत होत्या, ती केव्हाच गुळगुळीत झाली होती. जाता जाता तो म्हणाला, "वाघाला नंतर नेईन."

"तो नाही यायचा. डॉक्टरांच्या दवाखान्यातली पाच फुटी टाकी रिकामी पडलीय, मघाशीच फोन केला. सोमवारी तिकडे जाईल. एकटा राहील, त्याला तेच हवं असतं. त्याचं खाणंपिणं मी बघेन."

"म्हणजे माशाची सोय केलीस आणि माझी नाही!"

"हो," ताई म्हणाल्या, आणि दार लावलं.

दाराबाहेर पावलं वाजली नाहीत. ताईंना हे पाठ होतं. लहानपणी रुसला की तो असाच निघायचा आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभा राहायचा. ताईंना पाच मिनिटंही दम निघायचा नाही. त्या दार उघडून म्हणायच्या, "ये रे बाळ्या," आणि तो आत येऊन पहिलं काय करायचा, तर जेवायला बसायचा. पुढे मोठा झाला तरी तसंच. नोकरी सोडून आला तेव्हा, भांडून आला तेव्हा, प्रत्येक वेळी.

"ताई," बाहेरून आवाज आला. "जातोय हं मी."

ताईंचा हात कडीवर होता. त्याला आता भूक लागली असेल, हा विचार मनात आला, आणि आला म्हणून ताईंना स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटली.

"ताई गं."

"जिना उतर," ताई म्हणाल्या.

बाहेर बॅग उचलल्याचा आवाज आला. मग एक पायरी. मग दुसरी, आणि मग बाकीच्या सगळ्या धाडधाड, बॅग कठड्यावर आपटत. ताईंनी कडी घातली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्यांना त्याचाही राग येत होता. पदराने तोंड खसाखसा पुसून त्या कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेल्या. ते उचलायला दोन माणसं लागतात. ताईंनी त्याला खांदा लावला आणि खिडकीच्या दिशेने ढकलायला सुरुवात केली. लाकडी पाय फरशीवर करकर वाजत होते. खालून कोणीतरी छताला काठीने ठोकलं. ताईंनी टेबलाची एक बाजू उचलली आणि मुद्दाम आपटली.